तुमचं पहिलं इंग्रजी गाणं कोणी आणून दिलं? : रॉक-पॉपच्या आठवणी

शमी

गणपतीच्या कार्यक्रमासाठी आमच्या सोसायटीतली पोरं सध्या पार्किंगमध्ये तालीम करतायत. काल संध्याकाळी मेथी निवडत बसले होते आणि खालून आवाज आला. धप् धप् टाळी. धप् धप् टाळी. मेथी तशीच टाकून गॅलरीत गेले. सगळी पोरं फरशीवर पाय आपटत क्वीन या इंग्लंडच्या बँडचं 'वी विल रॉक यू' करत होती. गाणं १९७७ चं, यातल्या काहींचे आईबापसुद्धा तेव्हा जन्मले नव्हते.

मला हे गाणं दादाने आणून दिलं. आम्ही कोल्हापूरचे, दादा सांगलीला इंजिनिअरिंगला. शनिवारी एसटीने घरी यायचा तेव्हा पिशवीत धुवायचे कपडे आणि त्यातच गुंडाळलेली एखादी कॅसेट. होस्टेलवर कोणा सीनियरकडे डबल डेक होता, त्यावर सगळे कॉपी करून घ्यायचे. नव्वद मिनिटांची कॅसेट, एका बाजूला क्वीन, दुसऱ्या बाजूला डायर स्ट्रेट्स, कव्हरवर निळ्या पेनने मुंगीएवढ्या अक्षरात गाण्यांची नावं. मी आठवीत, मराठी माध्यम, इंग्रजी पाचवीपासून. गाण्यातलं एक अक्षर कळायचं नाही. पण दादा म्हणायचा, पाय आपट, बाकीचं नंतर. आणि माडीवरच्या लाकडी तक्तपोशीवर आम्ही दोघं पाय आपटायचो. खाली आजीच्या अंगावर माती पडायची.

खूप नंतर वाचलं की त्या गाण्यात ड्रम नाहीतच. पाय आणि टाळ्या, आणि अगदी शेवटी गिटार. ते लिहिणारा क्वीनचा गिटारिस्ट ब्रायन मे फिजिक्स शिकलेला, पुढे २००७ मध्ये त्याने खगोलभौतिकीत पीएचडीही पूर्ण केली. पायांचा तोच आवाज किंचित उशिराने पुन्हा पुन्हा मिसळून त्यांनी चार माणसांची गर्दी केली. म्हणजे गाणं बांधलंच होतं ऐकणाऱ्याने वाजवावं म्हणून. कोल्हापुरात माडीवर आम्ही तेच करत होतो.

तर सांगा, तुमच्याकडे हे संगीत कोणाच्या हातून आलं? बँडचा इतिहास आला तरी चालेल, पण माणसं जास्त हवीत.

घाटवाट

शमी, क्वीनचा गायक फ्रेडी तर आमचा शेजारी! आम्ही वाईचे. पसरणी घाट चढला की पाचगणी, आणि तिथल्या सेंट पीटर्समध्ये तो शिकला. तेव्हा फ्रेडी मर्क्युरी नव्हता, फारुख बुलसारा होता. १९४६ मध्ये झांझिबारला जन्म, पारशी घर, लहानपणीच बोर्डिंगला पाठवलेला. पियानो तिथेच शिकला आणि शाळेतल्याच मित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला.

मला हे सगळं कळलं ते कॉलेजात, पुण्याच्या रूममेटकडून. तोवर मी शेकडो वेळा त्या रस्त्याने गेलो असेन. त्या दिवाळीत घरी आल्यावर पहिलं काम केलं ते म्हणजे वॉकमन घेऊन टेबललँडवर गेलो आणि 'बोहेमियन ऱ्हाप्सडी' लावलं. वारा इतका की अर्धं ऐकूच आलं नाही. पण मधला तो ऑपेराचा भाग सुरू झाला, त्यात 'बिस्मिल्ला' आलं, आणि मला वाटलं हा माणूस आपल्या ओळखीचा आहे. पाचगणीच्या बाजारातून, याच थंडीतून, याच लाल मातीतून गेलेला.

आता स्ट्रॉबेरीच्या सीझनला पर्यटक विचारतात, फ्रेडीची शाळा कुठेय. मी गाडी थांबवून रस्ता सांगतो. छान वाटतं.

थेम्सकाठी

घाटवाट, आणि मी त्याच्या दुसऱ्या टोकाला! आम्ही लंडनच्या हाउन्स्लोला राहतो, तिथून फेल्टम अगदी जवळ. १९६४ मध्ये झांझिबारच्या क्रांतीनंतर बुलसारा कुटुंब इथे आलं. ग्लॅडस्टन ॲव्हेन्यूवरच्या त्यांच्या घरावर २०१६ मध्ये त्याच्या आठवणीची निळी पाटी लागली. साधं, बाजूबाजूच्या घरांसारखं घर आहे. वरून हीथ्रोची विमानं जात असतात.

सासूबाई भारतातून आल्या होत्या तेव्हा त्यांना फिरवताना दाखवलं. म्हणाल्या, "एवढ्या लहान वयात आईपासून लांब ठेवलं पोराला, मग आवाजात ते येणारच." त्यानंतर 'समबडी टू लव्ह' लावलं की मला त्यांचं वाक्य आठवतं. बाकी नंतर लिहिते, दूध वर येतंय.

रत्नांग्रीकर

आमच्याकडे आणून दिलं बाबांनी. मस्कतला होते. सुट्टीवर आले की बॅगेत अत्तर, टँग, आईला साडी आणि एक मोठा टू-इन-वन. वाडीत असा टेपरेकॉर्डर आमच्याकडेच. त्याच्याबरोबर आलेल्या कॅसेटी सगळ्या बोनी एम या बँडच्या. बाबांना इंग्रजी कामापुरतं यायचं. पण 'रास्पुतीन' लागलं की अंगणात लुंगी सावरून नाचायचे, आणि आजूबाजूची सगळी पोरं गोळा व्हायची. शिमग्यात पालखी नाचवणारे हात ते, ताल अंगातच होता.

'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन' मला फक्त नाचायचं गाणं वाटायचं. आमच्या शाळेत एक ख्रिश्चन बाई होत्या, त्यांनी एकदा मराठी बायबल उघडून स्तोत्रसंहितेतलं १३७ वं स्तोत्र दाखवलं. बंदी करून परक्या मुलखात नेलेले लोक नदीकाठी बसून आपल्या गावाच्या आठवणीने रडतायत. मूळ गाणं जमैकाच्या मेलोडियन्सचं, १९७० चं. बोनी एमने १९७८ मध्ये ते जगभर नेलं.

मग मला कळलं की बाबा तेच गाणं सर्वात जास्त वेळा का लावायचे. की त्यांनाही शब्द माहीत नव्हते आणि नुसत्या चालीतूनच पोचत होतं? विचारायचं राहून गेलं. बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. टू-इन-वन आहे अजून, रेडिओ लागतो, टेप चालत नाही.

निशिगंध

रत्नांग्रीकर, डोळ्यात पाणी आलं वाचून. माझे काकाही कुवेतला होते. त्यांच्या चिठ्ठ्या कॅसेटवर रेकॉर्ड होऊन यायच्या, ते आठवलं.

कढीपत्ता

+१ 🙏
बोनी एमचीच एक गोष्ट. डिसेंबर १९७८ मध्ये ते मॉस्कोत गायले, पण 'रास्पुतीन' तिथे म्हणू दिलं नव्हतं. आणि त्यांच्यातला तो नाचणारा बॉबी फॅरेल वारला ३० डिसेंबर २०१० ला, सेंट पीटर्सबर्गमध्ये. रशियाच्या झारच्या दरबारातला तो खरा रास्पुतीन मेला तेच शहर, आणि तारीखही तीच. माझा मुलगा म्हणतो, आई हे खोटंय. खरं आहे!

ठाकूरद्वार

मी इथे फारसा लिहीत नाही, पण हा विषय बघून राहवलं नाही.

२६ मार्च १९८०. रंगभवन, धोबीतलाव. द पोलिस हा इंग्लंडचा बँड मुंबईत वाजवायला आला होता. कार्यक्रम टाइम अँड टॅलेंट्स क्लबने ठरवलेला, म्हणजे मुख्यतः पारशी बायकांची संस्था, मदतनिधीसाठी. माझे वडील फोर्टात बँकेत होते, त्यांच्या पारशी साहेबांनी पास दिले. आईने विचारलं, कुठे निघालास? म्हटलं, पोलिसांचा बँड आहे. ती म्हणाली, मग इस्त्रीचा शर्ट घाल. घातला.

चाळीतून चालत गेलो. रंगभवन म्हणजे उघडं नाट्यगृह, शेजारी झेवियर्स कॉलेज. पुढच्या रांगांत साड्या नेसलेल्या बायका नीट बसलेल्या. स्टेजवर तीनच माणसं. मला वाटलं, बाकीचे येतायत. कोणी आलं नाही. तिघांनीच सगळं भरून काढलं. स्टिंग बास वाजवत गात होता, पण मी पूर्ण वेळ ड्रमरकडे बघत होतो. स्टुअर्ट कोपलंड. आम्ही गणेशोत्सवात ढोल वाजवणारी मुलं, जोरात वाजवणं आम्हाला माहीत होतं. हा माणूस मधली जागा मोकळी सोडत होता, आणि त्या मोकळ्या जागेतच पाय हलायला लागायचे. शेवटी शेवटी मागची सगळी पोरं पुढे, पुढच्या बायकाही उभ्या.

त्याच रंगभवनात १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक हा रॉकचा महोत्सव सुरू झाला. रॉक मशीन हा आपल्याकडचा बँड, पुढे ज्यांनी इंडस क्रीड नाव घेतलं, त्यांना मी तिथे ऐकलं. जवळ हॉस्पिटलं असल्याने तो भाग शांतता क्षेत्रात आला आणि कार्यक्रम थांबले. हॉस्पिटलातल्या माणसाला झोप हवी, ते बरोबरच आहे. पण मुंबईत चाळीतल्या मुलाला चालत जाता येईल अशी तशी दुसरी जागा पुन्हा झाली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. आताचे मोठे कार्यक्रम वांद्रे-कुर्ला नाहीतर नेरूळ, आणि तिकिटं विचारू नका.

शमी

काका, हे सगळं सोनं आहे. अजून लिहा ना. ऱ्हिदम हाउसला, त्या रेकॉर्डच्या दुकानात, जायचात का?

ठाकूरद्वार

जायचो तर! काळा घोड्याला. काचेच्या खोलीत उभं राहून रेकॉर्ड ऐकता यायची, विकत घेतलीच पाहिजे असं नव्हतं. खिशात पैसे नसलेल्यांना त्यांनी कधी हाकललं नाही. २०१६ मध्ये बंद झालं. शेवटच्या आठवड्यात गेलो होतो, फार गर्दी होती. बायकोने बेगम अख्तर घेतली, मी डायर स्ट्रेट्सची 'ब्रदर्स इन आर्म्स'.

शेवटची_लोकल

ऑफिसच्या बसमधून लिहितेय, चुका समजून घ्या.
मायकल जॅक्सन. १ नोव्हेंबर १९९६. अंधेरी. विमानतळावर सोनाली बेंद्रे नऊवारीत स्वागताला. आमच्या डोंबिवलीत आठवडाभर दुसरा विषय नव्हता. मामा तिथे लाइटच्या कामाला होता, त्याने एकालाच आत नेता येईल सांगितलं. भाऊ गेला. मी नाही, कारण मुलगी, आणि परत यायला रात्र होणार.
भाऊ पहाटे आला. मी जागीच. त्याने चाळीच्या कॉमन गॅलरीत, सगळे झोपलेले असताना, पायात मोजे घालून मला मूनवॉक करून दाखवला. आवाज न करता. मी बघितलेला मायकल तोच.
पुढचं स्टेशनवर उतरून.

घाटवाट

@शेवटची_लोकल अहो, मोज्यांवरचा मूनवॉक! फरशी कोटाची होती का? शहाबादीवर जमत नाही, मी करून बघितलंय.

शेवटची_लोकल

कोबा होता 😄 आईने लाल गेरूने सारवल्यासारखा घोटलेला.
२५ जून २००९ ला तो गेला तेव्हा भाऊ दुबईत होता. फोन केला. दोघंही बराच वेळ काही बोललो नाही, मग तो म्हणाला, मोजे घालू का?

पोळीभाजी

मराठी गाणी चालतील का इथे? माझं रॉक म्हणजे गणपतीतलं बेंजो पथक 😀

शमी

पोळीभाजी, चालतील की. बेंजोवाले 'फायनल काउंटडाउन' वाजवतात ना आमच्याकडे.

लोखंडी_कान

नागपूर. सेवाग्राम एक्स्प्रेस. काळा टी-शर्ट. आईने दिलेल्या पोळ्या आणि शेंगदाण्याची चटणी.

१ फेब्रुवारी २००८, आयर्न मेडन या इंग्लंडच्या हेवी मेटल बँडचा मुंबईतला कार्यक्रम, वांद्रे-कुर्ला संकुलाचं मैदान. त्यांचा पूर्ण जागतिक दौरा आपल्या मुंबईतून सुरू झाला, हे मी आयुष्यभर सांगणार. सगळं सामान आणि माणसं एका बोइंग ७५७ मधून, आणि विमान चालवायला त्यांचा गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः!

माझ्याकडे मेडन आणून दिलं इंग्रजीच्या सरांनी. बी.ए.ला कोलरिजची ती म्हाताऱ्या खलाशाची कविता होती, १७९८ ची. वर्गात कोणाला रस नाही. सर दुसऱ्या दिवशी छोटा टेप घेऊन आले आणि मेडनचं 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर' लावलं. १९८४ च्या पॉवरस्लेव्हमधलं, तेरा मिनिटांच्या वर. मधे सगळं थांबतं, जहाजाची लाकडं करकरल्यासारखा आवाज येतो, आणि कवितेच्या ओळी जशाच्या तशा. मागच्या बाकावरचे आम्ही पहिल्यांदा पुस्तकात बोट ठेवून वाचत होतो. तास संपल्याची घंटा झाली, कोणी उठलं नाही.

मुंबईत त्यांनी ते वाजवलं तेव्हा मी मैदानातून सरांना फोन लावून वर धरला. त्यांना नुसता गोंगाट ऐकू आला असणार. पण फोन त्यांनी ठेवला नाही. आणि 'फिअर ऑफ द डार्क' सुरू झाल्यावर शब्द यायच्या आधी गिटारची सुरावटच सगळं मैदान गातं. आसाम, मणिपूर, केरळ, कुठून कुठून आलेली पोरं, एकमेकांची भाषा येत नाही, आणि ओ-ओ-ओ एका सुरात. परतीला जनरल डब्यात उभा होतो, पाय दुखत होते, आवाज पूर्ण बसलेला. तसा आनंद मला मग फक्त मुलगी झाली तेव्हा.

कढीपत्ता

असे सर सगळ्यांना मिळोत 🙏 सध्या कुठे असतात ते?

लोखंडी_कान

रिटायर झाले, वर्ध्याला असतात. संत्र्याच्या दिवसांत जातो मी भेटायला.

सहा_तारा

नाशिकला गिटार शिकवतो. येणारा प्रत्येक मुलगा पहिल्याच दिवशी सांगतो, सर, हॉटेल कॅलिफोर्निया, म्हणजे ईगल्स या अमेरिकन बँडचं. त्याच्या बापानेही तेच सांगितलं होतं, काहींचा बाप माझ्याच क्लासचा.

नवशिक्यांसाठी सांगून ठेवतो. गाणं बी मायनरमध्ये आहे, बार कॉर्ड लागतात, म्हणजे एका बोटाने सगळ्या तारा दाबायच्या, बोटं दुखतात आणि मुलं सोडून देतात. ईगल्सचा गिटारिस्ट डॉन फेल्डरने चाल बसवली ती ई मायनरमध्ये, पण गायक डॉन हेन्लीच्या आवाजाला ती पट्टी जमेना म्हणून खाली आणली. तर कॅपो, म्हणजे गिटारच्या मानेवर लावायचा चिमटा, सातव्या फ्रेटवर लावा आणि ई मायनरचेच आकार धरा : ई मायनर, बी सेव्हन, डी, ए, सी, जी, ए मायनर, बी सेव्हन. झालं. पहिल्या आठवड्यात वाजतं. शेवटची ती जुगलबंदी, फेल्डर आणि जो वॉल्श यांची, तिला मात्र वर्षं द्यावी लागतात आणि दिलीच पाहिजेत. ती घाईघाईत वाजवलेली मला सहन होत नाही. दोघं एकमेकांसाठी थांबतात, एक वाक्य संपलं की दुसरा उचलतो, आणि शेवटी एकत्र येतात. आपल्या सतार-सरोदच्या जुगलबंदीत हेच ऐकलंय आपण.

मला गिटार दिली देवळालीच्या एका अँग्लो-इंडियन रेल्वे गार्डने. निवृत्त होऊन ऑस्ट्रेलियाला मुलाकडे चालले होते. सामान विकत होते, गिटार मात्र विकायची नव्हती. म्हणाले, रोज वाजवणार असशील तर घेऊन जा.

थेम्सकाठी

सहा_तारा, मुलाला पाठवलं तुमचं ते कॅपोचं. तो म्हणतो, हे मला माहीत होतं. मग आठ महिने वाजवलं का नाहीस विचारलं तर खोलीत गेला. आता आतून ऐकू येतंय!

निशिगंध

रात्रपाळीला आहे, वॉर्ड शांत आहे म्हणून लिहिते.

मी सिंधुदुर्गातली, नर्सिंगला मुंबईत आले. होस्टेलला माझी रूममेट मिझोरमची. तिच्याकडे छोटा रेडिओ आणि ट्रेसी चॅपमनची कॅसेट. 'फास्ट कार' तिने मला ओळ न् ओळ समजावलं. दारू पिणारा बाप, शाळा सोडून त्याला सांभाळणारी मुलगी, दुकानातली नोकरी, इथून कुठेतरी निघून जायची आशा. आणि मग नवराही तसाच निघतो. आमच्या वाडीतल्या किती घरांची गोष्ट ती. अमेरिकेतल्या एका काळ्या मुलीने गिटार घेऊन लिहिलेली.

११ जून १९८८ ला लंडनला वेंब्लीत मंडेलांच्या सत्तराव्या वाढदिवसाचा कार्यक्रम होता, मंडेला तेव्हा तुरुंगातच. ट्रेसी आपली गाणी म्हणून उतरली होती. मग स्टीव्ही वंडरच्या वाद्याची डिस्क ऐनवेळी मिळेना, ते निघून गेले, आणि वेळ भरायला हिला पुन्हा ढकललं. एकटी, एक गिटार, समोर भरलेलं स्टेडियम. तेव्हा जगाने तिला ऐकलं. माझ्या मैत्रिणीने हे मला सांगितलं माझ्या पहिल्या इमर्जन्सी ड्युटीच्या आदल्या रात्री. मी खूप घाबरले होते. म्हणाली, तिलाही कोणी विचारून पाठवलं नव्हतं.

२०२४ च्या ग्रॅमी संगीत पुरस्कारांना ट्रेसी पुन्हा ते गाणं गायली, गायक ल्यूक कोम्ब्सबरोबर. केस पांढरे झालेले. मैत्रीण आता आयझॉलला मेट्रन आहे, आम्ही दोघींनी फोन चालू ठेवून एकत्र बघितलं. बेल वाजली, जाते.

रत्नांग्रीकर

निशिगंध ताई, सांभाळून. तुमची मैत्रीण फार मोठ्या मनाची.

कढीपत्ता

जरा हलकं काही. 'हम किसीसे कम नहीं' मधलं 'मिल गया हमको साथी' ऐका आणि मग ॲबाचं 'मामा मिया' ऐका. माझ्या मावशीने १९७७ मध्ये पिक्चर आधी बघितला. पुढे ॲबा कानावर आलं तेव्हा तिने जाहीर केलं की स्वीडनच्या लोकांनी पंचमचं चोरलं. अजून ऐकत नाही. ॲबाचं १९७५ चं आहे म्हटलं तर म्हणते, चहा घे.

पोळीभाजी

मावशी 😂😂
एक विचारायचं होतं. आमच्याही माळ्यावर कॅसेटी आहेत, बऱ्याचशांवर पांढरी बुरशी आलीय. लावून बघू का? सासऱ्यांचं भजन रेकॉर्ड केलेलं आहे एकात.

सहा_तारा

नका नका, तशी लावू नका. बुरशी डेकच्या हेडला लागते आणि मग चांगल्या कॅसेटीही खराब होतात. आधी भजनाचीच वेगळी काढा, कोरड्या हवेत ठेवा आणि डिजिटल करून देणाऱ्याकडे न्या. ते उघडून साफ करतात. बाकीच्या नंतर.

रत्नांग्रीकर

सहा_तारा, मग माझंही सांगा ना. बाबांचा टू-इन-वन. बटण दाबलं की मोटर फिरल्याचा आवाज येतो, पण कॅसेट जागची हलत नाही.

सहा_तारा

मग मोटर चांगली आहे, रबरी बेल्ट गेलाय. इतक्या वर्षांनी तो सैल पडतो नाहीतर विरघळून डांबरासारखा चिकटतो. चिकटलेला असेल तर स्पिरिटने पुली पुसून घ्या. हेडही पुसा, पण वेगळ्या स्वच्छ कापसाने.

ठाकूरद्वार

बेल्ट लॅमिंग्टन रोडला मिळतील. जुना तुटका बेल्ट मापाला सोबत न्या, रविवारी जाऊ नका. मुंबईत कोणी नसेल तर माप कळवा, मी आणून कुरियर करतो. घरापासून चालत आहे मला.

रत्नांग्रीकर

काका, रविवारी उघडतो खोलून. माप टाकतो.